सांभाळणाऱ्याचं नाव

२०१९च्या हिवाळ्यात माझ्या लॅपटॉपवर ‘दुसऱ्या’ या शब्दाखाली लाल रेघ उमटू लागली. मी अनुवादक आहे, बहुतेक काम हिंदीतून मराठीत. ‘दुसऱ्या’ हा शब्द माझ्या एका पानात चार-पाचदा तरी येतो. ‘पायऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘बोलणाऱ्या’ हे त्याचेच भाऊबंद. सगळ्यांखाली रेघा. सुरुवातीला दुर्लक्ष केलं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं, की रेघ नको म्हणून मी ‘दुसऱ्या’च्या जागी ‘इतर’ लिहायला लागले आहे. यंत्राला कळत नव्हतं म्हणून मी भाषेला मुरड घालत होते, आणि तेही नकळत. याची मला लाज वाटली.

लॅपटॉप नेहरू प्लेसमधून घेतलेला, वापरलेला. त्यावर डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं घालून दिली होती. तो मूळचा अमरावतीचा, नोएडातल्या एका कंपनीत नोकरीला. गणपतीच्या वर्गणीतून आमची ओळख झाली आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून टिकली. मी त्याला लाल रेघा दाखवल्या. त्यानं पाच-दहा मिनिटं काहीतरी शोधलं आणि म्हणाला, “ताई, हे पॅकेज ऑर्फन आहे. चार वर्षांपासून कुणी हात लावलेला नाही. काही केलं नाही तर आता काढूनच टाकणार आहेत.”

ते पॅकेज म्हणजे मराठी शब्दांची एक यादी आणि ती यादी तयार करणारी छोटीशी आज्ञावली. आज्ञावली पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली होती. त्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद होणार होता, त्यामुळे तिच्यावर उभं असलेलं सगळं एकेक करून हलवायचं किंवा काढायचं काम डेबियनमध्ये चालू होतं. पॅकेजचं नाव मी इथे देत नाही. ज्यानं ते बनवलं त्याला मी कधी भेटले नाही, आणि त्याच्याविषयी तक्रार करायचा मला काही हक्क आहे का, हाच माझ्यापुढचा प्रश्न आहे.

*

अनुवादकाची खोड म्हणून आधी शब्दाकडे पाहते. ‘ऑर्फन’ला मराठीत काय म्हणायचं? ‘अनाथ’ म्हटलं की आश्रम डोळ्यांपुढे येतो. ‘पोरकं’ जवळचं आहे, त्यात मायेचा माणूस गेल्याची सल आहे. ‘बेवारस’ मात्र वेगळ्या कुळातला. पोरकं असतं ते मूल, बेवारस असतं ते सामान किंवा प्रेत. पोरक्याला कुणीतरी हवं असतं. बेवारसाच्या बाबतीत फक्त हक्क सांगणारं कुणी नसतं.

दिल्लीच्या मेट्रोत ‘लावारिस’ वस्तूंना हात लावू नका, अशी घोषणा वर्षानुवर्षं कानावर पडते. या शहरात बॉम्बस्फोट झालेले आहेत, त्यामुळे ती सूचना शहाणपणाची आहे. पण वीस वर्षं रोज ऐकून तिचा एक संस्कार होतोच: जे आपलं नाही आणि ज्याच्यापाशी कुणी उभं नाही, ते धोक्याचं असतं, तिथून दूर व्हावं. डेबियनमध्ये याच्या उलट आहे. तिथे ज्याचं कुणी नाही त्याची यादी जाहीरपणे लावलेली असते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलेलं असतं, की बघा, जमलं तर घ्या.

डेबियन १९९३च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं सुरू केलं. नाव त्याच्या मैत्रिणीच्या आणि त्याच्या नावांची जोडणी, डेब्रा आणि इयन. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत जवळपास ७० हजार पॅकेजं आहेत. यातला बराचसा भाग पगार न घेणाऱ्यांनी उभा केलेला आणि जपलेला. प्रत्येक पॅकेजच्या माहितीत एक ओळ असते: सांभाळणाऱ्याचं नाव. काही बिघडलं तर पत्र कुणाला लिहायचं, ते त्या ओळीवरून कळतं. ज्याला यापुढे जमणार नाही त्यानं तसं जाहीर करायचं, मग पॅकेज पोरकं ठरतं आणि त्याच्या नावाच्या जागी गुणवत्ता पाहणाऱ्या सामाईक गटाचं नाव येतं. ‘दत्तक घेणारा हवा’, ‘मदत हवी’, ‘मी दत्तक घेऊ इच्छितो’ अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. आणि जो माणूस काहीच न सांगता दिसेनासा होतो, त्याला पत्रं लिहिणारा एक गट आहे. कसे आहात, अजून सांभाळता का, नसेल तर सांगा. उत्तराची वाट पाहतात, पुन्हा लिहितात. उत्तर आलंच नाही, तर त्याची पॅकेजं पोरकी म्हणून जाहीर होतात. शिक्षा काही नाही.

शिक्षा नाही, कारण तसं बंधनच नाही. डेबियनची एक लिखित घटना आहे, १९९८च्या डिसेंबरपासून अमलात असलेली. तिच्यात सुरुवातीलाच म्हटलं आहे, की कुणावरही प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती नाही. ज्याला एखादं काम करायचं नसेल त्यानं ते करू नये, मात्र ठरलेल्या नियमांच्या विरोधात काम करू नये. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थबकले. कर्तव्याचा एक शब्दही न घालता हे सगळं उभं राहिलं आहे. मग एखादं पॅकेज टाकून गेलेल्या माणसाचं काही चुकलं, असं कशाच्या आधारावर म्हणायचं? आणि जर त्याचं काही चुकलं नसेल, तर माझ्या मनात आलेला राग कुठल्या जातीचा होता?

*

अमरावतीच्या मुलाचं मत स्वच्छ होतं. “ताई, त्यानं फुकट दिलं. तुम्ही फुकट वापरलं. हिशेब संपला. तक्रार करायची असेल तर पैसे भरून घ्यायला पाहिजे होतं.”

मला ते पटलं नाही, पण खोडताही येईना. ‘देणगी’ या शब्दात तो म्हणतो तसंच आहे. दान दिलं की त्यावरचा हक्क सुटतो, आणि हक्काबरोबर जबाबदारीही सुटते. गाय दान देणाऱ्याकडे दर महिन्याला चारा मागायला कुणी जात नाही.

पण आपल्याकडे दानाशेजारी ऋणाचाही विचार आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. त्यातलं ऋषिऋण मला नेहमी आवडत आलं, कारण ते ज्याच्याकडून घेतलं त्याला परत करायचं नसतं. ज्ञान ज्यांच्याकडून आलं ते कधीच गेलेले असतात. ते फिटतं पुढच्याला देऊन. मी त्याला म्हटलं, “त्या माणसानं माझं काही देणं नसेल, पण मी त्याचं लागते. आणि तो तर भेटणार नाही. म्हणजे आता हे दुरुस्त करणं माझ्याकडे आलं.”

तो हसला. “ताई, तुम्हाला टर्मिनल उघडता येत नाही.”

“तुला येतं. आणि तुला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही.”

असं ते सुरू झालं. दर रविवारी दुपारी, माझ्या जेवणाच्या टेबलावर.

ऋणाच्या या कल्पनेत एक खोट आहे, ती तेव्हाही मला जाणवत होती. कुणाचं ऋण कोण फेडतं? मला रविवारची दुपार मोकळी मिळत होती, कारण माझ्या घरची भांडी दुसरी बाई घासून गेलेली असायची, आणि तिला रविवार नव्हता. मुक्त सॉफ्टवेअरचा ‘मोकळा वेळ’ हा असा कुठून ना कुठून आलेला असतो. दुसरीकडे, ज्या कंपन्यांचे सर्व्हर याच पॅकेजांवर चालतात, त्यांच्यातल्या पुष्कळांना हे ऋण आठवतही नाही. म्हणजे ऋण ज्याला जाणवतं तोच फेडत बसतो, आणि ज्याची ऐपत आहे त्याला ते जाणवत नाही. हा अन्याय ऋषिऋणाच्या भाषेत मांडता येत नाही. ती भाषा घेणाऱ्याच्या मनाशी बोलते, त्याच्या खिशाशी बोलत नाही.

तरीही मी दुरुस्तीला बसले. त्यात कर्तव्य किती, आणि त्या लाल रेघांची चीड किती, हे आज सांगता येणार नाही.

*

इथे थोडं ‘ऱ’विषयी सांगायला हवं, कारण चूक तिथेच झाली.

मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी. उच्चारात फरक आघाताचा, लिहिताना फरक रफार की अर्धा ‘ऱ’ एवढाच. हिंदीत हे नाही, त्यामुळे देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून चालणाऱ्या पुष्कळ आज्ञावल्यांत याची जाणीवही नसते. युनिकोडमध्ये हा अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनी लिहिता येतो. एक तर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. नाहीतर साधा ‘र’ घ्यायचा, पाय मोडायचा आणि पुढे एक जोडचिन्ह टाकायचं. त्या जोडचिन्हाला रुंदी नसते, पडद्यावर ते दिसत नाही. फक्त शेजारच्या अक्षरानं कसा आकार घ्यायचा ते सांगून गप्प राहतं. दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘दुसऱ्या’ वाचणाऱ्याला एकच दिसतो. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

आमच्या यादीतले शब्द जोडचिन्हाच्या रीतीनं भरलेले होते, माझा कळफलक ‘ऱ’ देत होता. म्हणून लाल रेघ. यादीत आणखीही कचरा होता: वेबपानांवरून उचलताना आलेल्या अदृश्य खुणा, जास्तीच्या मोकळ्या जागा. त्यानं आज्ञावली पायथनच्या नव्या आवृत्तीत आणली आणि वर एक ओळ घातली: जे दिसत नाही ते सगळं काढून टाक. डेटा साफ करताना सर्रास असंच करतात. काढलेल्या चिन्हांची यादी त्यानं मला दाखवली. अर्थातच ती कोरी दिसत होती. मी हजारो शब्दांपैकी दोनेकशे वाचले, इकडेतिकडे चाळले आणि म्हटलं, छान. डेबियनच्या एका अधिकृत सदस्यानं आमचं काम तपासून पुढे पाठवलं. त्यानं जे तपासायचं ते नीट तपासलं होतं. मराठी तपासणं माझं काम होतं.

दोनेक आठवड्यांनी कुणीतरी नोंद टाकली. ‘दुसर्या’, ‘वार्यावर’, ‘बोलणार्या’ हे आता शुद्ध ठरत आहेत. वेबवर हे शब्द अशा अवतारात आपण नेहमी पाहतो. तेही बहुधा कुणीतरी कुठेतरी अदृश्य चिन्हं झाडून टाकल्यामुळेच झालेलं असतं. मी ते पाहून आजवर लिहिणाऱ्याला हसत आले होते. पण त्या नोंदीतली दुसरी ओळ वाईट होती: ‘दऱ्या’ यादीत सापडत नाही.

तो बिघडला नव्हता, नाहीसा झाला होता. जोडचिन्ह गेल्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. ‘दर्या’ यादीत आधीपासून होता. एकसारखे शब्द दिसले की आज्ञावली एक ठेवून दुसरा गाळत होती. कुठेही चुकीची सूचना आली नाही. आमच्या दुरुस्तीत सगळ्या दऱ्या समुद्रात बुडाल्या आणि सगळे आचारी आचार्य झाले.

त्या रात्री त्या मुलानं मला २००८ची गोष्ट सांगितली. डेबियनच्या लोकांना ती पाठ असते. ओपनएसएसएल नावाचं पॅकेज गुप्त किल्ल्या तयार करतं. बँकेपासून सर्व्हरपर्यंत अनेक व्यवहारांची कुलुपं त्या किल्ल्यांवर चालतात. २००६ मध्ये ते सांभाळणाऱ्यानं त्यातल्या काही ओळी बंद केल्या, कारण तपासणीच्या साधनाला त्या संशयास्पद वाटत होत्या. त्यानं मूळ विकासकांच्या चर्चेत आधी विचारलंही होतं. पण त्यांतली एक ओळ किल्ल्यांमध्ये अनिश्चितता ओतत होती. ती गेल्यावर उरली फक्त चालू प्रक्रियेच्या क्रमांकाची अनिश्चितता, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, जास्तीत जास्त ३२,७६८ किल्ल्या. वीसेक महिने कुणाला कळलं नाही, कारण सगळं चालत होतं. १३ मे २००८ रोजी डेबियननं स्वतःच ते जाहीर केलं, आणि जगभर लोकांना आपापल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या.

ही गोष्ट त्यानं मला बरं वाटावं म्हणून सांगितली होती. मला त्यात दुसरंच दिसलं. तो सांभाळणारा आळशी नव्हता, वाईट नव्हता, त्यानं विचारलंही होतं. टाकून जाणाऱ्यानं केलं नसतं असं नुकसान काळजी घेणाऱ्यानं केलं. न सांभाळलेली वस्तू गंजते, आणि ते दिसतं, लाल रेघ उमटते. चुकीचं सांभाळलेलं दिसत नाही. म्हणजे माझ्या ऋषिऋणानं मला दुरुस्तीचा अधिकार दिला असं जे मी धरून चालले होते, ते खरं नव्हतं. ऋण आहे म्हणून हात घालावा लागतो, हे ठीक. पण तेवढ्यानं हाताला समज येत नाही.

*

मराठीत या प्रश्नाचं जुनं उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९०ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलांवरून नकला होत पाठ बिघडत गेले. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती पाहून ती शुद्ध केली, आणि यापुढे कुणी यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत असंही बजावलं. आपण पिढ्यान् पिढ्या जी ज्ञानेश्वरी वाचत आलो ती मुख्यतः त्या सांभाळलेल्या पाठाची. एकनाथ नसते तर काय उरलं असतं, सांगता येत नाही. पण १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि एकनाथी पाठात जुनी भाषा किती राहिली, किती बदलली, हा वाद उभा केला. तो अभ्यासकांत अजून मिटलेला नाही.

एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना मी या वादात मनातल्या मनात राजवाड्यांच्या बाजूनं असायचे. मूळ ते मूळ, असं वाटायचं. ‘दऱ्या’ बुडवल्यानंतर मी एकनाथांकडे वेगळ्या नजरेनं पाहते. त्यांच्यासमोर कचरा कुठला आणि जुन्या भाषेचं अदृश्य जोडचिन्ह कुठलं, हे रोज ओळीओळीला ठरवायचं होतं. काही ठिकाणी चुकले असतील. पण एक गोष्ट त्यांनी केली: आपण शुद्ध केलं हे ग्रंथाच्या शेवटी नोंदवलं, शक घालून. पुढे येणाऱ्याला कळावं की या पाठाला एक हात लागलेला आहे, आणि हवं तर त्या हाताच्या मागे जाऊन पाहता यावं. राजवाड्यांना वाद घालता आला, यात त्या नोंदीचाही वाटा आहे.

आम्हीही शेवटी तेच केलं. जुनी यादी जशीच्या तशी परत आणली. जोडचिन्ह काढायच्या ऐवजी ते असलेला ‘र’ स्वतंत्र ‘ऱ’मध्ये बदलला. बदलांच्या नोंदीत आमची चूक, तारीख आणि कारण लिहिलं. आणि एक छोटी चाचणी जोडली. पॅकेज पुन्हा बांधताना ती ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही आहेत ना, वेगवेगळे आहेत ना, ‘आचारी’ जिवंत आहेत ना, एवढंच विचारते. नसतील तर काम थांबवते. त्यानंतर सांभाळणाऱ्याच्या ओळीत त्या मुलानं स्वतःचं नाव घातलं आणि खाली सहकारी म्हणून माझं. त्या ओळीकडे पाहून मला एखादं पुस्तक छापून आल्यासारखा आनंद झाला होता, हे कबूल करते.

*

सांभाळ चार वर्षं चालला. २०२३ मध्ये तो हैदराबादला गेला, त्याला मुलगी झाली, आणि एका रात्री त्याचा फोन आला. “ताई, मला आता जमेल असं वाटत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हतो.” मला एकटीला जमणं शक्य नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून नोंद लिहिली: हे पॅकेज आता पोरकं आहे, याचं हे चालतं, हे अडतं, ‘ऱ’ला हात लावण्याआधी चाचणी वाचा. चार ओळींची नोंद लिहायला दोन तास लागले. पाठवली आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून अपराधीही वाटलं.

पुढच्या वर्षी मार्चच्या शेवटी एक्सझेडची बातमी आली. फायली दाबून लहान करणारं हे एक साधं पॅकेज, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणारं. अनेक वर्षं मुख्यतः एकच माणूस, रिकाम्या वेळात, ते ओढत होता. ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला मदत केली, चांगली मदत. त्याच सुमारास दुसऱ्या काही नावांनी पत्रं येत राहिली: काम फार हळू चाललं आहे, दुसऱ्या कुणाला द्या. ती पत्रं लिहिणारी माणसंही बहुधा बनावट होती. थकलेल्या माणसानं विश्वास ठेवला आणि किल्ल्या दिल्या. त्यानंतर त्या पॅकेजमध्ये चोरदरवाजा घातला गेला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला लॉग-इनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं दिसलं, तो खोदत गेला, म्हणून ते डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचण्याआधी सापडलं.

या प्रकरणावर सुरक्षेच्या अंगानं बरंच लिहिलं गेलं. मला त्यातली आधीची दोन वर्षं अस्वस्थ करतात. ‘लोक तुझ्यावर अवलंबून आहेत, तू कमी पडतोस’ हे वाक्य त्या माणसाविरुद्ध हत्यार म्हणून वापरलं गेलं. म्हणजे ऋणाचीच भाषा, फक्त दुसऱ्याच्या अंगावर टाकलेली. २०१९ मध्ये मला त्या न पाहिलेल्या मराठी माणसाचा जो राग आला होता, त्याचं आणि त्या बनावट पत्रांचं व्याकरण एकच होतं. मी पत्र लिहिलं नव्हतं, एवढाच फरक.

तेव्हापासून माझं मत असं बनलं आहे. फुकट देणाऱ्यानं जन्मभर सांभाळलं पाहिजे, असं कुणालाही म्हणता येत नाही. जो घेतो त्यालाही नाही, आणि जो दत्तक घेतो त्याचंही तसं वचन नसतं. पण सांभाळणाऱ्याच्या ओळीत नाव ठेवणं हे मात्र एक विधान आहे. ते वाचून दुसरा माणूस थांबतो, स्वतः हात घालत नाही. सांभाळणं थांबवूनही नाव तसंच ठेवलं, तर मी काही देत नाही एवढंच होत नाही, दुसऱ्याला द्यायचं असलेलंही मी अडवते. डेबियनच्या घटनेतला तो जोड आठवला: काम करू नका हवं तर, पण आड येऊ नका. मी पहिल्या वाचनात त्यातला पहिला अर्धाच वाचला होता.

दिल्लीत सराय नावाची कितीतरी ठिकाणं आहेत: युसूफ सराय, बेर सराय, सराय काले खाँ. राजपूर रोडवरच्या सी.एस.डी.एस. या संस्थेनं दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सराय’ याच नावाचा उपक्रम काढला, त्यात हिंदीतल्या मुक्त सॉफ्टवेअरवरही काम झालं, आणि ‘सराय’ नावाचा एक देवनागरी फॉन्ट डेबियनमध्ये आजही मिळतो. सरायीत उतरलेल्याकडून कुणी मुक्कामाची अपेक्षा करत नाही. जाताना खोली सोडली आहे, एवढं सांगून जायचं असतं. नाहीतर आतून कडी लावलेली खोली रिकामी राहते आणि नवा वाटसरू बाहेर.

*

हे सगळं मी पॅकेजच्या बाबतीत शहाणपणानं केलं, कारण तिथे ते करायची रीत होती, रकाना होता. अनुवादाच्या जगात रकाना नाही.

२०१८ मध्ये मी दिल्लीतल्या एका वृद्ध हिंदी लेखिकेच्या आठवणींचं पुस्तक मराठीत आणायचं कबूल केलं. त्यांनी विश्वासानं होकार लिहून दिला. चौथ्या प्रकरणापर्यंत मी पोचले. मग दुसरी कामं आली, मग महामारी आली, त्यात लेखिका गेल्या. त्यांची मुलगी वर्षातून एकदा दिवाळीला फोन करायची आणि पुस्तकाचं विचारायची नाही. २०२२ मध्ये सोलापूरच्या एका तरुण अनुवादिकेनं मला विचारलं होतं, की ते पुस्तक कुणी करतंय का, मला करायचं आहे. मी लिहिलं, “चालू आहे.” खरं तर दोन वर्षांत मी ती फाईल उघडलेली नव्हती. माझ्या टेबलावर बसून डेबियनची नोंद लिहिणारी मीच ती. मला पत्र लिहून ‘कशा आहात, अजून सांभाळता का’ असं विचारणारा गट नव्हता, आणि नसल्याचा मी फायदा घेतला.

एप्रिल २०२४ मध्ये मी लेखिकेच्या मुलीला पत्र लिहिलं. ईमेल नाही, कागदावर, हिंदीत. माझ्याकडून हे होणार नाही, हे मला फार आधी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. केलेली चार प्रकरणं सोबत पाठवते, त्यांचा हवा तसा उपयोग करा. सोलापूरच्या एक बाई आहेत, त्यांचा पत्ता देते. त्या तरुण मुलीलाही लिहिलं, आणि २०२२चं माझं उत्तर खरं नव्हतं हे त्यात लिहिलं. ते वाक्य लिहिणं सगळ्यात कठीण गेलं.

लेखिकेच्या मुलीचं उत्तर आलं नाही. सोलापूरहून आठवड्यानं आलं. आभार वगैरे थोडक्यात होते. पुढे तिनं माझ्या चार प्रकरणांतल्या सात जागा काढल्या होत्या, प्रत्येकीपुढे पान, ओळ आणि प्रश्न. तिसऱ्या प्रकरणात लेखिकेच्या आईनं कुणाला जेवायला बोलावलं, आचार्यांना की आचाऱ्यांना, असा एक प्रश्न होता. मी मूळ पुस्तक काढून पाहिलं. मुलगी बरोबर होती.